पिकअपचं वाढतं तेल

माझं माहेर तानसाकाठचं. वडील धरणावर मजुरीला जायचे. तिथे पाण्याची उंची दाखवणारे आकडे रंगवलेले होते, ते येताजाता मला वाचायला लावायचे. पाणी उतरलं तर गेलं कुठे आणि चढलं तर आलं कुठून, हे विचारायची खोड मला तिथेच लागली. लग्न होऊन टोकावड्याला आले तेव्हा ती खोडही बरोबर आली. सासूबाई तिला नसत्या उठाठेवी म्हणायच्या, आणि त्यांचं फारसं चूक नव्हतं.

सासरी भाजीची वाहतूक होती. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नव्वदच्या दशकातली सगळी वर्षं एका जुन्या ट्रकवर माळशेज घाट चढण्या-उतरण्यात काढली. पुढे काचबिंदूने त्यांची नजर नेली. उजेड आणि अंधार कळायचा, समोर माणूस उभं आहे एवढं कळायचं, बस. स्टिअरिंग आमच्या ह्यांच्या हातात आलं आणि दोन हजार सालानंतर ट्रक जाऊन नवी पिकअप आली.

आबांनी एक काम मात्र सोडलं नाही. रोज सकाळी गाडी गरम करायचं. चुलीवर माझा पहिला चहा चढला की ते चाचपडत अंगणात जायचे, केबिनमध्ये बसायचे आणि सेल्फ मारायचे. मग भाजीच्या पाट्या भरून होईपर्यंत, चांगला अर्धा-पाऊण तास, गाडी जागच्या जागी चालू. आबा डोळे मिटून तिचा आवाज ऐकत बसायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मानूस अंथरुनातून उठून लगेच पलतो काय रं? मंग गाडीनं कशाला पलावं?" दिवसभरात त्यांच्याकडे एवढंच काम होतं. त्या वेळी त्यांचा चेहरा इतका निवांत असायचा की मी भाकरी थापता थापता मुद्दाम दारातून बघायचे.

पिकअपला दीड वर्ष झालं असेल. एका रविवारी ह्यांनी बॉनेट उघडून इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बाहेर काढली आणि मला हाक मारली. पट्टीवर दोन खुणा असतात, खालची कमी तेलाची आणि वरची पुरेशा तेलाची. तेल वरच्या खुणेच्याही वर बोटभर चढलं होतं.

"बघ, येवडी धावली तरी थेंब खाल्ला नाय तिनं. उलट वाढलंय!"

"पण आलं कुठून?" मी विचारलं.

"कुटून येनार? नवी गाडी हाय. आता अशाच बनवतात."

जुना ट्रक तेल प्यायचा, त्यामुळे तेल वाढवणाऱ्या गाडीचं घरात भलतंच कौतुक झालं. ह्यांनी ते एसटी स्टँडवर जाऊन चारचौघांत सांगितलं. मला मात्र चैन पडेना. डब्यातून कोणी ओतलं नव्हतं, आणि भरल्याशिवाय चढणारं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं.

मग मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी पट्टी बघायला लागले आणि तेल कुठवर आहे त्याची कॅलेंडरवर पेन्सिलीने खूण करायला लागले. सासूबाईंना वाटलं, दुधाचा हिशोब आहे.

आधी संशय पाण्याचा आला. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब तडतडतो, हे कोणत्या बाईला शिकवावं लागतं? जुना तवा तापवला आणि त्यावर ते तेल टाकलं. तडतडलं नाही. धूर मात्र असा झाला की सासूबाई पदर नाकाला लावून बाहेर धावल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तव्याचं काय केलं ते इथे सांगत नाही.

पण त्या धुराला एक ओळखीचा वास होता. मग वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यावर डब्यातल्या कोऱ्या तेलाचा थेंब टाकला, दुसऱ्या कोपऱ्यावर गाडीतला. कोरं तेल होतं तिथेच बसून राहिलं. गाडीतल्या तेलाभोवती हळूहळू एक फिकट, ओलसर कडं पसरत गेलं. नाक लावलं. डिझेल! मला इतका आनंद झाला की अंगणात जाऊन कोणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगायचं काय? तेलात डिझेल आहे, हे कळलं. ते जातं कसं, हे कुठे कळलं होतं?

ते कळलं कॅलेंडरवरून. आबा आठ दिवस शहापूरला लेकीकडे राहायला गेले. त्या आठ दिवसांत हे उठायचे, सेल्फ मारायचे आणि लगेच निघायचे. खूण आठही दिवस होती तिथेच. आबा परतले आणि ती पुन्हा चढायला लागली.

मी कॅलेंडरसमोर उभी राहून खुणा पुन्हा एकदा मोजल्या. इतके दिवस मजेत जे शोधत होते, त्याच्या टोकाला आबा बसले होते.

ह्यांना सांगितलं, तेव्हा ते गाडी मुरबाडच्या मेस्त्रीकडे घेऊन गेले. मीही हट्टाने गेले. मेस्त्री म्हणाला, या नव्या इंजिनात नोझल थेट सिलिंडरमध्ये डिझेल उडवतं. गाडी थंड असताना उभ्या उभ्या चालू ठेवली तर ते सगळं जळत नाही. उरलेलं कडेने ओघळून खाली तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं. एक नोझलही गळत होतं, ते त्याने बदललं. मग तेल बोटांवर चोळून दाखवत म्हणाला, "अजून मयना-दोन मयने असं चाललं असतं तर इंजिन बसलं असतं. चालू केली का हलू हलू काढायची. उभी ठेवून गरम करू नका."

परतताना आम्ही दोघं पार पुढच्या वैशाखरे गावापर्यंतच्या लोकांवर बोललो, भाजीच्या भावावर बोललो, आबांवर बोललो नाही. घर जवळ आलं तेव्हा हे म्हणाले, "तू सांग. तुजं आयकतात."

"तुमचे वडील, आणि मी सांगू?"

दोन दिवस कोणीच सांगितलं नाही. दोन्ही सकाळी गाडी अंगणात घुरघुरत राहिली, आणि त्या आवाजाने माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. तिसऱ्या सकाळी आबा केबिनकडे निघाले तेव्हा मी आडवी गेले. मेस्त्रीने काढलेलं जुनं तेल बाटलीत आणलं होतं, ते त्यांच्या बोटांवर ओतलं.

त्यांनी अंगठ्याने चोळलं. नाकाशी नेलं. पुन्हा चोळलं.

"ह्यात डिजल हाय," ते म्हणाले. आयुष्यभर इंजिनाशी बोललेला माणूस, त्याला आणखी काही सांगायला लागलं नाही. "उभी ठेवल्यानं? माज्या हातनं झालं गो?"

मी मान हलवली. त्यांना ती दिसणार नव्हती. मला तोंडाने म्हणावं लागलं, "हो, आबा."

ते पायरीवर बसले. हे आले, गाडी चालू केली आणि लगेच निघून गेले. अंगण एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या चौकसपणाचा मला त्या वेळी मनापासून राग आला.

दुसऱ्या दिवशी माझा चहा चढला तसे आबा सवयीने उठले, दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. मला म्हणाले, "आता मी काय करू?"

मी बॉनेट उघडलं, पट्टी काढली आणि त्यांच्या हातात दिली. "आबा, मला नीट समजत नाय. तुमीच बघा, डिझेल हाय का ते."

मला सगळं समजत होतं. ते त्यांनाही ठाऊक असणार. पण त्यांनी पट्टीचं टोक दोन बोटांत धरलं, चोळलं, वास घेतला, सावकाश, अगदी सावकाश. पाट्या भरून झाल्या होत्या. हे हातात चावी घेऊन थांबले होते.

"बरं हाय," आबा म्हणाले. "जाऊ दे."

त्यानंतर आबा होते तोवर, त्यांच्या "जाऊ दे" शिवाय आमची गाडी अंगणातून हलली नाही.