हत्तीला हात लावून

काकाजी चढावर सायकलवर बसत आणि उतारावर खाली उतरत. अख्ख्या सौंसर तालुक्यात बाकी सगळे याच्या बरोबर उलट करत. सौंसरच्या उत्तरेला डोंगर सुरू होतात. तिथल्या मुरमाच्या वाटेवर मास्तर काय, फौजदार काय, सगळे सायकल ढकलत, धापा टाकत वर जायचे. काकाजी मात्र दातओठ खात, उभ्याने पायडल मारत त्यांच्या शेजारून निघून जायचे. माथा आला की उतरायचे, उपरण्याने कपाळ पुसायचे आणि पुढचा सगळा उतार सायकल हाताने धरून चालत जायचे. लोक म्हणत, म्हाताऱ्याच्या सायकलीला ब्रेक नाहीत. मी एकदा विचारलंच.

"ब्रेक चांगले हायेत, बाप्पा," ते म्हणाले. "पण उतारावर सायकल उधळली का मागच्या पेटीतल्या नळ्या फुटते. अन् दुसरं सांगू? उतारावर माणूस काही पाहत नाही. चढावर एकेक गोटा ओळख देते."

पेटीत देवीच्या लसीच्या नळ्या असत, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. काकाजी सरकारी टोचणीवाले होते. ते दिसले की पोरं झाडावर चढत आणि आया त्यांना कणगीत लपवत. मी विशीतला, पत्रकं वाचूनच वाचायला शिकलेला आणि आता स्वतः पत्रकं वाटणारा. आमचे मराठी तालुके मध्य प्रदेशात ठेवू नका, म्हणून आम्ही गावोगाव फिरत होतो. डोंगरातल्या वाटा मला ठाऊक नव्हत्या, म्हणून मी काकाजींच्या मागे सायकल घालायचो. त्यांच्या पेटीत लस, माझ्या पिशवीत पत्रकं आणि खळीचा डबा.

त्यांच्या वाटा सरळ नसत. दोन गावांमध्ये एखादी पडकी गढी किंवा शेंदूर फासलेला वीरगळ असला, तर ते वाकडी वाट करत. "इथून कोणी तरी आपल्या आधी गेलं हाये," म्हणत, घोटभर पाणी पीत आणि पुढे निघत. पण त्यांचं खरं ठाणं म्हणजे घाटाखालची बावडी. देवगडच्या गोंड राजांच्या काळची, असं लोक सांगत. तीन बाजूंनी उतरत्या पायऱ्या आणि पाण्याच्या वर, हात पुरेल अशा उंचीवर भिंतीत कोरलेला एक हत्ती. सोंड वर केलेला, कान थोडा तुटलेला.

बावडीलगतच्या गावात सुरुवातीला कोणीच पोर टोचायला आणेना. काकाजी दारोदार फिरले नाहीत. ते पाण्याच्या वेळेला बावडीच्या पायरीवर जाऊन बसले. फुलाबाई नावाची एक बाई घागर आणि कडेवर पोरगा घेऊन आली. पोरगा काकाजींना पाहूनच रडायला लागला.

"आधी हत्तीले हात लाव," काकाजी त्याला म्हणाले, "मंग रडजो. हत्तीसमोर रडनं बरं दिसत नाही."

पोराने हत्तीच्या सोंडेवर हात ठेवला आणि काकाजींनी त्याच्या दुसऱ्या दंडावर टोचलं. तेव्हापासून रीतच पडली. हत्तीला हात, मग टोचणी. वर्षावर्षाने सोंड काळी गुळगुळीत होत गेली. आसपासच्या खेड्यांतल्या बाया पोरं घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, हत्ती देवीला गावात येऊ देत नाही. मी काकाजींना म्हणालो, तुम्ही सरकारी माणूस असून अंधश्रद्धा पसरवता.

"तू कागद चिटकवून राहिला, मी हत्ती दाखवून राहिलो," ते म्हणाले. "कोणाचं काम होऊन राहिलं, ते पाह्य."

एकदा मी त्याच भिंतीवर पत्रक लावायला खळ काढली. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"हटव तो डबा. काय लिहिलं हाये त्याच्यात?"

"ही भूमी मराठीची आहे, असं लिहिलंय."

"ज्यानं हा हत्ती कोरला त्याची बोली येते काय तुले?"

"नाही."

"मंग त्याच्या भिंतीवर आपली पाटी नोको लावू. बाहेर बाभूळ हाये, तिले लाव."

मी रागाने बाभळीला लावलं. पुढे छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशातच राहिलो. सरकारी नोकरांना कुठे जायचं ते विचारलं गेलं. काकाजींचं घर काटोलकडचं, म्हणजे नागपूरच्या बाजूचं. सगळे म्हणाले, काकाजी, सुटा. ते म्हणाले, "मी सुटीन. पोट्ट्याइले कोठी घेऊन जाऊ?" आणि राहिले.

त्यांचं एकच मागणं होतं: घाटाखालपर्यंत पक्की सडक. मुरमाच्या वाटेवर नळ्या फुटतात, पावसाळ्यात नाला आडवा येतो, लस पोचेपर्यंत नासते. जो साहेब येईल त्याच्यासमोर ते हेच म्हणत. नवं राज्य आलं, नवे साहेब आले आणि एक दिवस खरंच सडक मंजूर झाली. काकाजींनी सौंसरच्या बाजारातून पेढे आणून वाटले. मलाही एक दिला. "खा. तुह्या पत्रकात सडक होती काय?"

थोड्या दिवसांनी आम्ही दोघं त्या वाटेने गेलो, तर बावडीकडून घणांचा आवाज येत होता. दोन बाजूंच्या पायऱ्या उतरवून झाल्या होत्या. ठेकेदाराचा मुनीम छत्री लावून बसला होता आणि गावच्याच बाया रांगेने बसून पायऱ्यांचे दगड फोडून सडकेसाठी गिट्टी करत होत्या.

"डोंगर उभा हाये समोर," काकाजी म्हणाले. "त्यात दगड नाही काय?"

"खदान से निकालने में खर्चा है, बाबूजी," मुनीम हसत म्हणाला. "यह तो कटा-कटाया माल है। और आप ही तो सड़क माँगते थे।"

काकाजींनी सायकल वळवली आणि भर उन्हात सौंसरच्या कचेरीत गेले. मी सोबत होतो. साहेबाने पंख्याखाली बसून ऐकून घेतलं आणि तेच वाक्य शुद्ध भाषेत म्हटलं. "तुम्हालाच सडक हवी होती ना? मग गिट्टी काय आभाळातून पडणार?" काकाजी हात जोडून म्हणाले, साहेब, निदान हत्तीची भिंत ठेवा. साहेबाने विचारलं, कुठला हत्ती?

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं पत्रक होतं. आमच्या पुढाऱ्यांनी ते वाचून परत दिलं. म्हणाले, "सीमेचा प्रश्न केवढा, आणि तू बावडी काय घेऊन बसलास? तीही गोंडांची?" त्या दिवशी मला कळलं की साहेब नुसता कचेरीतच बसत नाही. तो आमच्या बैठकीतही बसतो, आणि खादी घालून बसतो.

आम्ही परत गेलो तेव्हा हत्तीची भिंत राहिली नव्हती. फुलाबाई हातोडी घेऊन बसली होती. काकाजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. तीच म्हणाली, "आमी नाही फोडलं, तर दुसऱ्या गावचे फोडतीन, काकाजी. मजुरी तिकडं जाईन."

तिच्यावर मी कधीच रागावलो नाही. तिच्या हातात हातोडी देणाऱ्यांवर मात्र मरेपर्यंत रागावलेला राहीन.

सडक झाली. सपाट, सरळ. पुढच्या खेपेला लस एकही नळी न फुटता घाटाखाली पोचली आणि पोर एकही आलं नाही. काकाजी बुजलेल्या बावडीच्या कडेला पेटी उघडून दुपारपर्यंत बसले. शेवटी स्वतः फुलाबाईच्या दारात गेले. तिची धाकटी पोरगी तेव्हा नुकती चालायला लागली होती.

"हत्ती नाही, मंग कोणाच्या भरोशानं टोचू?" फुलाबाई म्हणाली. "आमच्याच हातानं गेला तो. आता तो आमच्या पोराइकडं पाहीन काय?"

काकाजींनी समजावलं. लस तीच आहे, हात तोच आहे, म्हणाले. तिने दार लोटून घेतलं. गावात सगळीकडे हेच झालं.

त्या उन्हाळ्यात डोंगरात देवी आल्या. फुलाबाईची पोरगी वाचली, पण डोळे गेले. वरून चौकशी आली. पक्की सडक असूनही काम झालं नाही, अर्थात टोचणीवाल्याचा हलगर्जीपणा, असं ठरलं. बदली रीवाकडे. म्हणजे इथली बोली जिथे कोणाला कळत नाही, तिथे.

जायच्या आधी ते शेवटचे डोंगरात गेले, फुलाबाईच्या पोरीला बघायला. नव्या सडकेला लागल्यावर ते सायकलवरून उतरले. तिथे ना चढ होता ना उतार. सडक सोडून, बाजूच्या काट्याकुट्यातून ते सायकल ढकलत चालू लागले.

"काकाजी, वर या ना," मी म्हणालो. "एवढी चांगली सडक आहे."

"त्याच्यावरून चाक कसं नेऊ? पोट्ट्याइनं हात लावलेला हाये तो."

पांढुर्ण्याहून ते आगगाडीने गेले. सायकल सामानाच्या डब्यात चढवताना रिकामी पेटी त्यांनी छातीशी धरली होती. नंतर त्यांचं पत्र आलं नाही.

परवा त्याच सडकेवर एक मंत्री आले, भाषण करून गेले. विकास दारात आला, म्हणाले. आमच्या पुढाऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी मागे उभा राहून खाली पाहत होतो. डांबर अजून पडलेलं नाही, गिट्टी उघडीच आहे. एखादा काळा, गुळगुळीत खडा दिसेल म्हणून मी पुष्कळ शोधलं. बैलगाड्यांनी सगळेच खडे आता गुळगुळीत केले आहेत. कोणता हत्तीचा, ते ओळखू येत नाही.

म्हणून ती सगळी सडक मी काट्यांतून चालतो.