मोटारसायकल बुटकी केली तेव्हा

नव्या रेग्झिनचा वास आला की मला तिगावचं आमचं घर आठवतं. ऐंशीच्या दशकात मला पांढुर्ण्याच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं आणि घरात बाबा आणि मी, दोघंच. बाबांची मोटारसायकल जवळपास माझ्याच वयाची, उंच आणि जड. शाळेत जाण्यायेण्यासाठी मी ती चालवायला शिकले, पण माझे पाय जमिनीला पुरत नसत, त्यामुळे थांबायची वेळ आली की मी घाबरून गाडीसकट पडायची. शेवटी बाबांनी ती सौंसरच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं सीटचा फोम कापून नवं रेग्झिन चढवलं, मागचे शॉकअप बुटके बसवले. माझी दोन्ही पावलं टेकली तसे बाबा हसले, आई गेल्यापासून पहिल्यांदाच. पण आमच्या संत्र्याच्या वाडीकडे जाणाऱ्या कच्च्या पांधणीत बैलबंड्यांनी खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. बुटकी गाडी तिथं खालून मातीला घासून अडायला लागली. "बाबा, परत उंच करून घ्या ना," मी म्हटलं. "तू डांबरीवर बराबर चालवून राहिली ना? राहू दे मंग. मी जातो पायदल." पुढे माझी बदली छिंदवाड्याला झाली. आता तरी गाडी उंच करा, असं मी पत्रात लिहिलं, तर उत्तर आलं, "अन् तू आली तं कशी चालवशीन?" मी दिवाळीला तेवढी जायची. बसस्टँडवर बाबा गाडी घेऊन उभे असायचे आणि मी दिसले की मागं सरकून बसायचे. ते गेल्यावर त्या पांधणीनं मी पहिल्यांदा एकटी चालत गेले. वाडीपर्यंत पाऊण तास लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.