भाकड जनावरांची यादी

दूध संघात पशुधन पर्यवेक्षक म्हणून लागलो, तेव्हा ट्रेनिंगला एक इंग्रजी शब्द शिकवला होता, कलिंग. दूध आटलेलं, वय झालेलं, गाभण न राहणारं जनावर गोठ्यातून वेगळं काढायचं, असा त्याचा अर्थ. मला तो शब्द फार आवडला. गावोगावच्या दूध संस्थांत फळ्यावर लिहून मी शेतकऱ्यांना तो समजावत फिरलो. भाकड गाय पोसू नका, ती दुधाळ गाईच्या तोंडचा घास खाते, असं मोठ्या ऐटीत सांगायचो. लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन भाकड गाईलाच आधी पाणी दाखवायचे. मला त्यांचा राग यायचा. खूप वर्षांनी शब्दकोश चाळला, तर त्या शब्दाचा जुना अर्थ वेचणे असा निघाला, फुलं वेचतात तसं वेचणे.

माझ्या नोकरीच्या काळातच एका वर्षी मोठा दुष्काळ पडला, तेव्हा संघाने चौसाळ्याजवळच्या माळावर चारा छावणी उघडली. जनावराबरोबर घरातलं एक माणूस राहायचं, आणि त्याला संघाकडून दोन वेळची खिचडी मिळायची. उन्हाळा तापला तसा चारा कमी पडायला लागला. उसाच्या शेंड्यांचं वाढंसुद्धा मिळेना. चेअरमन मला म्हणाले, तुम्ही ते शिकवत होता ना, ते आता इथं करा. दूध संघाला दूध पाहिजे होतं, त्यामुळे त्यांचं चूक होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि अजूनही पुरतं वाटत नाही.

मी दोन दिवस दावणीवरून फिरलो. दात पाहिले, कास पाहिली, भाकड जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचे नंबर उतरवले. माणसांकडे पाहिलंच नाही. यादी चोख झाली म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी, घरी परत पाठवायच्या जनावरांचे नंबर वाचायला लागलो आणि एकेक जण उठून पुढे यायला लागला. सगळी म्हातारी माणसं. दुधाच्या गाईपाशी घरातला धडधाकट गडी बसलेला होता, कारण तिचं दूध वेळेवर संस्थेत घालायचं होतं. भाकड गाईपाशी म्हातारा नाही तर म्हातारी. त्यांची पोरं-सुना ऊसतोडीला गेलेल्या, घराला कुलूप, गावात आठ दिवसांनी टँकर. गाय छावणीत होती म्हणून त्यांना खिचडी होती. हे मला आधी का दिसलं नाही, याची लाज आजही जात नाही.

नांदूरघाटकडची एक म्हातारी गाईचं दावं हातात धरून उभी राहिली. गाय न्या पण मला ऱ्हाऊ द्या, मी शेण काढीन, असं तिने आधी विचारून पाहिलं. जनावराशिवाय माणूस ठेवायचा नियम नव्हता. मी तसं सांगितलं. चेअरमनकडे जाऊन तिच्यासाठी भांडता आलं असतं, पण मी गेलो नाही. तिनेही हट्ट केला नाही. ती म्हणाली, "मग एक कागद लिवून द्या, लेकरा."

"कशाचा, आजी?"

"पाडव्याला पोरगा यील. त्याला वाटंल, म्हातारीनं गाईची हयगय केली म्हणून हाकललं. दोष गाईचा हाय, माझा न्हाई, येवढंच लिवा."

मी संघाच्या लेटरहेडवर लिहिलं: गाय भाकड असल्याने परत पाठवली, सांभाळणाऱ्या बाईंचा दोष नाही. सही केली, शिक्का मारला. तिने कागदाची घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि गाय घेऊन चालायला लागली.

ते बाकीच्यांनी पाहिलं. टेबलापुढे रांग लागली. प्रत्येकाला तोच कागद हवा होता, आणि मी खाली मान घालून लिहीत राहिलो. रांगेत शेवटी एक म्हातारा होता. त्याचा कागद लिहून झाला, शिक्का मारायला घेतला, तेवढ्यात त्याने माझा हात धरला.

"सायब," तो म्हणाला, "मला अजून काम व्हतंय. तेबी लिवा."

मी तेही लिहिलं.