जावई घरातला हाय!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. रोह्यात माझं इंटरनेट कॅफे होतं. एका दुपारी नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून एक बाई धापा टाकत आल्या. लेक मस्कतला बाळंतपणाला दवाखान्यात होती आणि जावई थोडाच वेळ चॅटवर बसणार होता.

पण चॅट काही जोडलं जाईना. व्हायरसच्या धास्तीने मी आदल्याच दिवशी फायरवॉल टाकली होती. ती बंद करून पाहिली, तर चॅट लगेच सुरू! म्हणजे अडवणारी तीच. पण ती बंद ठेवायची माझी छाती होईना.

बाई टेबलावर बोटांनी ताशा वाजवत होत्या. ‘‘काय झाला ओ?’’

‘‘फायरवॉल बाहेरच्यांना आत सोडत नाही.’’

‘‘मग सांगा तिला, माझा जावई बाहेरचा नाय, घरातला हाय!’’

हसू आवरत मी फायरवॉल पुन्हा चालू केली आणि तिच्यात फक्त चॅटला परवानगी दिली. टिंग! इंग्रजी अक्षरांत उमटलं, ‘मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.’

मी वाचून दाखवताच बाईंनी मॉनिटरचा मुका घेतला आणि माझे हात धरून फुगडीच घातली. खुर्च्या आडव्या झाल्या, दोन गिऱ्हाइकं टाळ्या पिटू लागली.

संध्याकाळपर्यंत येईल त्याला मी सांगत होतो, ‘‘मस्कतला मुलगी झाली!’’ कोणाला, असं एकाने विचारलं, तेव्हा लक्षात आलं की बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं.