बाबा एकटेच बाहेर आले

बरेच जण ताईची चौकशी करतायत, म्हणून लिहितेय. दुबईत तिचं बाळ जन्मताच गेलं. आज सकाळी आईबाबा तिच्याकडे निघाले होते. घरून केलेली कोरोनाची टेस्ट दोघांचीही निगेटिव्ह होती. विमानात बसण्याआधी एअरपोर्टवर आणखी एक टेस्ट, एवढंच उरलं होतं.

मी बाहेर थांबले होते. बऱ्याच वेळाने बाबा एकटेच बाहेर आले.

“माझी पॉझिटिव्ह आली,” ते लांबूनच म्हणाले. “जवळ येऊ नकोस.”

“आणि आई?”

“तिची निगेटिव्ह. तुमच्याशिवाय मी नाही जात म्हणाली. मी म्हटलं, पोरगी तिकडे एकटी रडतेय, तू जा.”

डिंकाचे लाडू बाबांच्याच बॅगेत राहिले. आईने ते रडत रडत वळले होते. “बाळ नाही, पण बाळंतपण तर झालंच ना,” म्हणाली होती.

गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवून आम्ही सिल्व्हर पार्कला, घरी परतलो.

संध्याकाळी माझ्या आणि बाबांच्या फोनवर एकत्र व्हिडिओ कॉल आला. ताई आईच्या कुशीत होती. “बाबा कुठेयत?” तिने विचारलं. बाबांनी आतल्या खोलीतून हात हलवला, “मी बरा आहे गं” म्हणाले आणि फोन ठेवला.

आता बंद दाराआडून त्यांच्या रडण्याचा आवाज येतोय. बाळाची बातमी आल्यापासून ते एकदाही रडले नव्हते. मी दाराबाहेर बसलेय. नियम कशासाठी आहेत ते कळतं मला. पण जवळ न जाता माणसाला धीर कसा द्यायचा? तुमच्यापैकी कुणाला जमलंय का?