गिरधरच्या नावाची घागर

बोदवडला वच्छलाबाईची एक खोड सगळ्यांच्या चेष्टेची झाली होती. बाई भरदुपारी घराचं दार लावायची नाही. वैशाखात अंग भाजून काढणारी झळ आत येवो, धुळीने भांडी भरोत, दार सताड उघडं. शेजारची कुंदाबाई वैतागून म्हणायची, "अहो, कुत्री भाकरी पळवतील ना!" तर ही म्हणे, "पळवू दे. भूक लागली असेल बिचाऱ्यांना." दारात कोणी फाटका माणूस उभा राहिला की आधी ताट वाढायची, मग नाव विचारायची. लोक म्हणत, मोठी पुण्यवान बाई. पुण्य कसलं डोंबलाचं! भीती होती ती. बारा वर्षांची जुनी भीती.

तिचा मोठा भाऊ गिरधर. रावेरकडच्या तिच्या माहेरच्या गावातून पलटणीत गेलेला पहिलाच माणूस. लग्न व्हायचं होतं, मिसरूड नुकतं फुटलेलं, आणि एक्केचाळीस साली बापाशी भांडून हा पठ्ठ्या भरती झाला. सिंगापूरला पोचल्याचं एक कार्ड आलं. त्यानंतर काही नाही. सिंगापूर जपान्यांनी घेतलं, लढाई संपली, स्वराज्य आलं, गिरधरचा पत्ता नाही. सरकारी कागदात 'बेपत्ता' एवढाच शब्द. बारा वर्षं वाट पाहून झाल्यावर भाऊबंदांनी बापाला समजावलं. रिवाजाप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला गिरधरचं नाव दिलं, नदीकाठी अग्नी दिला, दहावं-तेरावं उरकलं. आई ऊर बडवून रडली. पण त्यानंतर तिला झोप लागायला लागली, हेही खरं.

पुढच्या वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात आणि पितरही घरी येतात. लेकींना झोके, पितरांना पाण्याची घागर, घागरीवर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी पुरणपोळी आणि आमरस. गिरधरच्या नावाची ती पहिलीच घागर. वच्छला माहेरी आली होती. दुपारी बाया झोक्यांवर, गडी पत्ते कुटायला, आईबाप भाऊबंदांकडे, धाकटा भाऊ तोताराम शेतात बैलांना पाणी पाजायला. घरात ही एकटी. तिने निखाऱ्यावर तुपात भिजलेला पोळीचा घास टाकला आणि आगारीच्या धुराकडे बघत म्हणाली, "ये रे दादा. जेवून जाय."

मान वर केली तर दारात तो उभा!

नुसती हाडं, छातीपर्यंत दाढी, खांद्याला गाठोडं. "वच्छे," तो म्हणाला, "मले पाणी दे."

वच्छलाने चुलीतली मूठभर राख त्याच्या तोंडावर फेकली. "तुले अग्नी देला आम्ही! जाय बाप्पा, जाय!" दार लोटलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसली. मग दारावर एक हलकी थाप पडली. मग चपला वाजत वाजत लांब गेल्या.

चपला! तो आवाज तिच्या कानातून कधी गेलाच नाही. भूत असेल तर ती सुटली. माणूस असेल, तर तेरा-चौदा वर्षांनी घरी आलेल्या सख्ख्या भावाला तिने घोटभर पाणी न देता हाकललं होतं. विचारणार कोणाला? आईचा जीव आत्ता कुठे थंडावला होता. वच्छला गप्प राहिली. पुढे आईबाप गेले, तरी गप्पच राहिली.

सदुसष्ट साली तोतारामाचा निरोप आला, भाटजी आलेत. हे भाटजी गुजरातेतले. दहा-बारा वर्षांनी गावोगाव फिरायचे, प्रत्येक घराण्याची वंशावळ असलेली वही वाचायचे, मधल्या काळातले जन्म-मृत्यू लिहून घ्यायचे. वच्छला भुसावळला गाडी बदलून धावतपळत माहेरी पोचली. पुतळा जाळल्याचं साल तरी नीट लिहिलं जावं, आपल्या डोक्यातला किडा तरी मरावा, एवढीच तिची आशा.

ओसरीवर सतरंजी घातली. तोतारामाने वहीला कुंकू लावलं. भाटजी खणखणीत आवाजात खापरपणजोबापासून वाचत आले आणि गिरधरपाशी थांबले.

"याचं सगळं लिहिलेलं आहे," ते म्हणाले.

"कसं लिहिलं? तुम्ही तर चौपन्न सालानंतर आजच येताय," तोताराम म्हणाला.

भाटजींनी चष्मा सारखा केला. "सत्तावन्न साली मी शिरपूरकडे वही वाचायला गेलो होतो. तिथे कापसाच्या एका जिनात हा रखवालदार होता. जपान्यांच्या कैदेत होता, मग रंगूनच्या बंदरात हमाली केली. समोर बसून त्याने लिहवून घेतलं आणि शपथ घातली, मी आहे तोवर घरी वाचू नका. म्हणाला, त्यांनी मले अग्नी देला, आता कोणाला भेवडायला जाऊ? आता येताना शिरपूरला कळलं, गेल्या दिवाळीत वारला."

शिरपूर! बोदवडहून गाडीने, मोटारीने एका दिवसाची वाट. आणि बारा वर्षं ती दर आखाजीला जित्या भावाच्या नावाने घागर भरत होती. वच्छलाने पदराचा बोळा तोंडात कोंबला. "माझं काही बोलला?" तिने कसंबसं विचारलं.

"नाव कोणाचं नाही घेतलं. घरी गेलो होतो एकदा म्हणाला. म्हणे, मले पाहून दोघंही भेली बिचारी."

"दोघं?" वच्छला म्हणाली.

तोतारामाने मान खाली घातली. चाळीस वर्षांचा बाप्या, लहान मुलासारखा रडायला लागला. "आक्का, मले बांधावर दिसला व्हता. निंबाखाली बसून तोंडावरची राख पुसत व्हता. तोत्या म्हणून हाक मारली त्यानं. मी बैल टाकून पळालो."

"मग बोलला काहून नाही रे, मेल्या?"

"तू बोलली का?"

त्या आखाजीच्या संध्याकाळी दोघं समोरासमोर जेवायला बसली होती. पुरणपोळी ताटात तशीच पडली होती, आणि आई विचारत होती, उन्हाचं बाधलं का रे तुम्हाला? एकाने नुसतं म्हटलं असतं, आज मला दादा दिसला, तर दुसऱ्याने ताटावरून उठून चपला घातल्या असत्या.

"तेव्हा कुठी गेला तो, भाटजी?" वच्छलाने विचारलं.

भाटजींनी वही मिटली. "लांब नाही गेला, बाई. रावेरच्या स्टेशनावर दोन दिवस बसून होता. म्हणाला, वाटलं, कोणी तरी घ्यायला येईल."