जातानाचंही सांगा

आमच्या रुग्णालयाच्या लॉन्ड्रीत तिला सगळे 'इस्त्री' म्हणतात. इस्त्रीच्या टेबलावर ती असते म्हणून हे नाव पडलं असेल असं नव्या माणसाला वाटतं. खरं कारण असं की ती तापते लवकर आणि निवायला फार वेळ घेते. चादरींच्या घड्या घालताना तिच्यासमोर मी उभी असते, चादरीची दोन टोकं माझ्याकडे, दोन तिच्याकडे. त्यामुळे तिच्या घरातलं बरंचसं मला तिच्या तोंडूनच कळत आलं. हे सगळंही असंच कळलं. शेवटचा भाग मात्र मी डोळ्यांनी पाहिला.

तिच्या सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन दूरच्या शहरात, नणंदेच्या घराजवळ झालं होतं. इस्त्रीचा नवरा कामासाठी महिनाभर तिथेच होता. इकडून जायचं होतं ते तिने, तिच्या सव्वादोन वर्षांच्या मुलाने आणि तिच्या मोठ्या दिराने. दीर एका औषध कंपनीत विक्रीचे साहेब. घरात त्यांना सगळे साहेबच म्हणायचे, त्यांची बायकोसुद्धा. इस्त्री तेवढी भाऊजी म्हणायची.

तिचा हा पहिलाच विमानप्रवास. म्हणून तिने खांद्यावरच्या पिशवीत सगळं नीट भरून घेतलं होतं. डायपरचं अख्खं पाकीट, ओले रुमाल, दोन जोड कपडे, एक जुना टॉवेल. काउंटरवर भाऊजींनी त्या पिशवीकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय गाठोडं? आत दे हे. सामानात जाऊ दे."

"भाऊजी, त्यात बाळाचं आहे सगळं."

"दीड तासाचा प्रवास आहे. मी महिन्यातून चारदा उडतो. तेवढ्यात काय होतंय?"

मागे रांग होती. काउंटरवरची मुलगी वाट बघत होती. इस्त्रीने घाईघाईने दोन डायपर आणि ओल्या रुमालांचं अर्धं पाकीट काढून पर्समध्ये कोंबलं. पिशवी पट्ट्यावरून आत गेली. भाऊजींच्या हातात त्यांची स्वतःची बॅग होती, तिच्यात इस्त्री केलेला कोट होता, तो चुरगळायला नको होता.

विमानाला उशीर झाला. मूल कंटाळलं, रडायला लागलं. लोक बघतात म्हणून भाऊजींनी त्याला फळांच्या रसाचा मोठा डबा घेऊन दिला. "पी. गप्प बस." तो गप्प बसला, सगळा डबा संपवून गप्प बसला.

पहिला डायपर विमान उडण्याआधीच गेला. दुसरा ढगांत. त्या विमानातलं बाथरूम म्हणजे आमच्या लॉन्ड्रीतलं झाडू ठेवायचं कपाट बरं. कमोडच्या वर भिंतीला एक फळी घडी करून लावलेली असते, बाळ झोपवायला. सव्वादोन वर्षांचं मूल तिच्यावर मावत नाही. त्याचे पाय बेसिनमध्ये जात होते आणि तो नळ दाबत होता. मग तिने झाकण पाडून त्याला वर उभं केलं, एका हाताने त्याचं बखोट धरलं, दुसऱ्या हाताने पुसलं, दाताने पाकीट फाडलं. विमान हललं की तिचं डोकं आरशावर आपटायचं. बाहेरून कुणीतरी दार वाजवत होतं.

जागेवर येऊन बसली, तर थोड्याच वेळात तिसऱ्यांदा. आता डायपर नव्हता. पॅन्ट भिजली, सीट भिजली, वास सुटला. मागचा माणूस नाकाला रुमाल लावून मोठ्याने म्हणाला, "अरे काय हे, माणसं बसलीत इथे!" कडेच्या सीटवर बसलेले भाऊजी उठले. चार रांगा पुढे एक जागा रिकामी होती, तिथे जाऊन बसले. जाताना आपला कोटही घेऊन गेले.

इस्त्री मुलाला उचलून पुन्हा बाथरूमकडे निघाली. वाट त्यांच्याजवळूनच होती. तेवढ्यात त्यांच्या शेजारच्या बाईने त्यांना विचारलं, "अहो, ही तुमच्याबरोबरची ना? तिला जरा मदत करा की."

भाऊजी म्हणाले, "नाही हो. मी एकटाच आहे."

ती दोन पावलांवर उभी होती. त्यांनी तिला पाहिलं होतं. पाहून, खिडकीकडे मान वळवून म्हणाले.

"मला तेव्हा रडू नाही आलं," ती मला सांगत होती. "एकदम थंड वाटलं. वाटलं, ठीक आहे. बघते."

हवाई सुंदरीने एक डायपर शोधून दिला, तो तान्ह्या बाळाचा, मांडीवरसुद्धा चढेना. शेवटी इस्त्रीने गळ्यातली ओढणी काढली, तिची तिकोनी घडी घातली आणि लंगोटासारखी बांधली. घडी घालणं आम्हाला शिकवावं लागत नाही. उतरेपर्यंत ती मुलाला मांडीवर घेऊन, ओली, एकटी बसून राहिली.

खाली सामानाच्या पट्ट्यापाशी भाऊजी उभेच होते, कोट अंगात घालून. "किती वेळ लावलास! चल." तिने पिशवी उचलली. टॅक्सीत काच खाली करत ते एवढंच म्हणाले, "तुला काय म्हणा, घाणीची सवयच आहे. कामच ते."

नवऱ्याला तिने काहीच सांगितलं नाही. "सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं? 'दादाचा स्वभाव तुला माहीत आहे' म्हणून मलाच समजावलं असतं. मला समजून घ्यायचं नव्हतं. मला फेड करायची होती."

नणंदेच्या घरी ती आठवडाभर राहिली. सासूच्या पायाला तेल लावायची, भाऊजींना चहा द्यायची, हसून बोलायची. आणि डोक्यात एकच. निघायच्या दिवशी सकाळी सगळे नाश्त्याला बसले असताना ती घाईघाईने खोलीतून बाहेर आली, फोन हातात.

"लॉन्ड्रीतून फोन होता. दोघीजणी आजारी पडल्यात. मला आत्ताच्या गाडीने निघावं लागेल. तिकीट मिळालंय." फोन कुणाचाच नव्हता. आम्ही सगळ्याजणी ठणठणीत होतो.

"आणि बाळ?" नणंदेने विचारलं.

"त्याचं विमानाचं तिकीट आहेच की. गाडीत दिवसभर कशाला हाल त्याचे? भाऊजी आहेत ना बरोबर." मग भाऊजींकडे वळून, अगदी लाडात, "दीड तासाचा तर प्रवास. तुम्ही महिन्यातून चारदा उडता."

समोर आई, बहीण, भाऊ. साहेबांना नाही म्हणता येईना. त्यांनी फक्त चहाचा कप खाली ठेवला.

पिशवी तिनेच भरली. सगळ्यात वर, दिसेल असा, एक डायपर. त्याच्या खाली खेळणी, गोष्टीचं पुस्तक, एक स्वेटर. बाकीचं पाकीट मोठ्या सुटकेसच्या तळाशी, जी विमानाच्या पोटात जाणार होती. आणि रसाचे दोन डबे तेवढे आठवणीने ठेवले. "रडला की द्या, भाऊजी. लगेच गप्प बसतो. तुम्हाला माहीतच आहे."

हे ऐकताना माझ्या हातातलं चादरीचं टोक सुटलं. "अगं, स्वतःच्या पोराला?"

"त्यांना झोंबेल असं माझ्या हातात दुसरं काय होतं?" ती म्हणाली.

गाडीत खिडकीपाशी बसून सकाळभर ती मनातल्या मनात तो प्रवास बघत राहिली. आता पहिला. आता रस. आता तो वास. आता मागचा माणूस ओरडतोय. आता साहेब त्या कपाटात, कोटासकट. तिला म्हणे हसू आवरत नव्हतं, शेजारची बाई दोनदा वळून बघून गेली. पण दुपार झाली तशी त्या चित्रात मुलाचा चेहरा दिसायला लागला. त्याची कातडी नाजूक, ओलं राहिलं की लगेच लाल होते. आपण त्याला हाक मारली की तो कसा हात वर करतो ते आठवलं. तिने भाऊजींना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. उरलेली वाट तिने फोन हातात धरून काढली.

ती थेट मोठ्या दिराच्या घरी पोचली. जाऊबाईंनी दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आत सोफ्यावर भाऊजी बसले होते. अंगात बनियन, त्यावर तो कोट. शर्ट मुलाच्या कमरेला गुंडाळलेला, बाह्यांची गाठ पोटावर. मूल त्यांच्या छातीवर गाढ झोपलं होतं, एक मूठ कोटाच्या कॉलरमध्ये अडकवून.

भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "याला रस देत जाऊ नकोस. बाधतो."

बस, एवढंच. चिडले नाहीत, ओशाळले नाहीत. त्यांना काही उमगलंच नव्हतं. तिने घरी नेऊन मुलाचा शर्ट सोडला, तर मांड्या लालभडक. मलम लावताना तो झोपेतच कळवळला. तेव्हा ती रडली. ते सारं विमानात राहून गेलेलं रडू होतं की नवीन, ते तिलाही सांगता येईना.

इथे थांबलं असतं, तर कदाचित तीही थांबली असती. पण भाऊजी थांबेनात. ते ही गोष्ट सांगत सुटले. ऑफिसात, बिल्डिंगीत, फोनवर सगळ्या नातेवाइकांना. एकट्या पुरुषाने लहान मुलाला विमानातून कसं आणलं! तीन बायकांनी आपापल्या पिशव्यांतून डायपर काढून दिले. एका मावशींनी मुलाला धुवून दिलं. त्यांना पुढची ऐसपैस जागा दिली, हवाई सुंदरीने चॉकलेट दिलं, उतरताना कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. "आणि डायपर संपल्यावर काय केलं असेल मी? अंगातला शर्ट काढला!" ऐकणारे म्हणायचे, "वा साहेब! पुरुष असून एवढं केलंत!"

"टाळ्या!" इस्त्रीने टेबलावर असा हात आपटला की घडी घातलेला गठ्ठा कलला. "मी ओढणी काढून बांधली तेव्हा लोकांनी नाकाला रुमाल लावले. यांनी शर्ट काढला तर टाळ्या. मी यांना शिक्षा द्यायला गेले आणि यांना बक्षीस मिळालं."

वर आणखी एक झालं. मुलाला काकाचा लळा लागला. उठसूट "काका, काका". तिच्या कडेवरून त्यांच्याकडे झेप घ्यायचा. हे तर तिला सगळ्यात जास्त जळवायचं.

सासू इकडे परत आली आणि काठीशिवाय चालायला लागली तेव्हा जाऊबाईंनी घरी जेवण ठेवलं. मदतीला म्हणून मीही गेले होते. नणंद आली होती, नवरा परत आला होता, शेजारचं जोडपं होतं. जेवणं होत आली आणि भाऊजींनी गोष्टीला सुरुवात केली. मूल त्यांच्या मांडीवर, त्यांच्या घड्याळाशी खेळत. शर्ट काढल्याच्या जागेपर्यंत आले, शेजारी हसायला लागले.

इस्त्री पाणी वाढत होती. तिने जग खाली ठेवला.

"भाऊजी, जातानाचंही सांगा ना."

"जातानाचं काय?"

"बरं, मीच सांगते." आणि तिने सांगितलं. आवाज न चढवता, एकेक करून. पिशवी, रस, कपाटाएवढं बाथरूम, चार रांगा पुढची जागा. "त्या बाईंनी विचारलं, ही तुमच्याबरोबरची ना. भाऊजी म्हणाले, नाही हो, मी एकटाच आहे. माझ्याकडे बघून म्हणाले."

नवरा पुटपुटला, "अगं, आता कशाला ते..."

"तू गप्प," सासू त्याला म्हणाली. मग थोरल्याकडे वळली. "असं म्हणालास तू?"

"आई, तसं नाही... गर्दी होती, लोक बघत होते..."

"आणि परत येताना," इस्त्री पुढे म्हणाली, "लॉन्ड्रीतून फोन आलाच नव्हता. पिशवीत डायपर एकच होता, तो मीच ठेवला होता. रसही मीच दिला. मुद्दाम."

मी मनात म्हटलं, हे कशाला बोललीस बाई! पण तिला तेही सांगायचं होतं. आपण फेड केली हे ज्याला कळलंच नाही, त्याला ते कळायलाच हवं होतं.

सासूचा चेहरा कडक झाला. "एवढ्याशा पोराला मध्ये घातलंस? लाज नाही वाटली?"

"वाटली. त्याची माफी मी त्याच्याकडे मागेन. मोठा झाल्यावर, त्याला कळेल तेव्हा. यांच्याकडे नाही."

इतका वेळ जाऊबाई भांडं हातात घेऊन उभ्या होत्या. त्या एकदम हसायला लागल्या. आधी हळू, मग भांडं खाली ठेवून, मग खुर्चीवर बसून, डोळे पुसत. "मला पटतंय," त्या म्हणाल्या. "आमची थोरली बसमध्ये उलटी करायची ना, तेव्हा साहेब पुढच्या बाकावर जाऊन बसायचे. मला वाटायचं, यांना पुढे बसायला आवडतं!" नणंदेलाही हसू फुटलं. शेजारचे गृहस्थ ताटाकडे बघू लागले.

साहेब लाल झाले. मुलाला खाली ठेवून उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. मूल बंद दारावर थापा मारत "काका, काका" करत रडत राहिलं. इस्त्रीने त्याला उचललं नाही लगेच. थोडा वेळ तिने ते तसंच ऐकलं.

त्यानंतर ती गोष्ट साहेबांच्या तोंडून कुणी ऐकली नाही. जाऊबाई महिन्याभरात आपल्या बहिणीकडे मुक्कामाला गेल्या, शाळकरी मुलं आणि घर साहेबांवर सोपवून. अशा त्या लग्नानंतर कधीच गेल्या नव्हत्या. सासू इस्त्रीशी अजून जेवढ्यास तेवढं बोलते. ते तिने आधीच गृहीत धरलं होतं.

परवा मी तिला विचारलं, "गोड लागलं का गं?"

"लागलं," ती म्हणाली. "अजून लागतं."

साहेबांनी मध्यंतरी धाकट्या भावाकडून, म्हणजे तिच्या नवऱ्याकडूनच, निरोप पाठवला होता, की चुकलं, झालं गेलं विसरून जा. तिने नवऱ्याला दारातूनच परत पाठवलं. "निरोप्याकडून नको. गर्दीत म्हणाले होते ना? मग चार माणसांत येऊन, मोठ्याने म्हणा म्हणावं, ही माझ्याबरोबरची होती."

ते अजून आलेले नाहीत. मुलाला ती दर रविवारी काकाकडे पाठवते, स्वतः मात्र जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच परत फिरते.